फुकट आणि मुक्त : सहा फायलींचा शोध

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचे पाणी चढू लागले तेव्हा आम्ही घरातले सामान वरच्या मजल्यावर हलवत होतो. २००५ च्या पुराचा अनुभव असल्याने या वेळी आधी कागद उचलले, मग भांडी. त्या धावपळीत बुटांच्या एका जुन्या खोक्यात सीडींची चळत सापडली. बहुतेकांवर माझ्याच अक्षरात काहीबाही लिहिलेले होते : ‘लिनक्स’, ‘जुनी नाट्यगीते’, ‘बॅकअप – नक्की’. एका सीडीवर फक्त ‘आत्या १ ते ६’ एवढेच होते.

पाणी ओसरले, गाळ काढून झाला, आणि पंधराएक दिवसांनी मी ती सीडी लावली. आत सहा फायली, प्रत्येक साधारण आठशे केबीची. नावापुढचे शेपूट ‘आरएम’. ते पाहून पोटात गोळा आला. हा प्रकार मी पंधरा वर्षांत कुठे पाहिला नव्हता. तरीही सवयीने टिचकी मारली. पडद्यावर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा, रस्त्याच्या कामावर ठेवतात तसला शंकू आला, दोन सेकंद काहीच झाले नाही, आणि मग जात्याची घरघर सुरू झाली. तिच्यावर आत्याचा आवाज. आत्या २००४ साली गेली.

त्या दिवशी मी फक्त ऐकले. ही फाइल उघडली कशी, हा प्रश्न नंतर पडला. मोडी कागद वाचण्याच्या नादात माझी बरीच वर्षे गेली आहेत. कागद टिकणे आणि तो वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाऊक होते. सीडी टिकली हे नशीब म्हणता येईल. पण ती वाचता आली हे नशीब नव्हते. त्यामागे माणसे होती, आणि ती कोण हे शोधण्यात माझी पुढची दोन-तीन वर्षे अधूनमधून गेली.

ध्वनिमुद्रण १९९९ च्या दिवाळीतले. कराडच्या अलीकडे आत्याचे गाव. मी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो आणि “आत्या, म्हण की” म्हणून मागे लागलो. ती म्हणाली, “जात्याबिगर कुठं सुचतंय रं?” दळायला काही नव्हते, पिठाची गिरणी येऊन वीस वर्षे झाली होती. शेवटी शेजारच्या सुनेने माळ्यावरचे जाते उतरवले, दोन मुठी ज्वारी घातली आणि दोघी बसल्या. खुंटा फिरू लागला तशी एकामागून एक ओवी येऊ लागली. साठ मिनिटांची कॅसेट. त्यातली चाळीसेक मिनिटे ओव्या, बाकी हसणे, खोकला आणि चहा.

२००१ मध्ये मस्कतला असलेल्या माझ्या आतेभावाला ते ऐकायचे होते. कॅसेट पाठवायची तर एकच प्रत, वाटेत हरवली तर संपले. मग मी टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या साउंड कार्डाला जोडली आणि आवाज आत घेतला. खरा प्रश्न होता आकाराचा. फ्लॉपीत १.४४ एमबी मावत. सायबर कॅफेतून टेलिफोनच्या तारेवरून ईमेल जायचे आणि मोठे जोडपत्र परत यायचे. नेहमीच्या दर्जाची एमपीथ्री, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट, केली तर एका फ्लॉपीत दीड मिनिट मावे. त्याच फ्लॉपीत रिअल ऑडिओच्या १६ किलोबिटांच्या फायलीत जवळपास बारा मिनिटे मावत. मी दुसऱ्यांदा विचारही केला नाही. सात-सात मिनिटांचे सहा तुकडे केले आणि तीन संध्याकाळी बसून पाठवले. फाइल बनवण्याचे सॉफ्टवेअर फुकट, ऐकण्याचे फुकट. आणखी काय पाहिजे?

कॅसेट २००५ च्या पुरात ट्रंकेसकट पाण्यात गेली. म्हणजे पोस्टाच्या भीतीने जी जपली ती घरातच बुडाली, आणि ज्या सहा फायली मी टपालाचे पाकीट समजत होतो त्याच मूळ प्रत होऊन बसल्या.

आता त्या पाकिटाविषयी. रॉब ग्लेझर हा मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेला माणूस. त्याने १९९४ मध्ये सिअ‍ॅटलला प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स ही कंपनी काढली. पुढे तिचे नाव रिअलनेटवर्क्स झाले. एप्रिल १९९५ मध्ये तिचा रिअल ऑडिओ प्लेअर आला. तोवर इंटरनेटवरचा आवाज म्हणजे आधी फाइल पूर्ण उतरवा, मग ऐका. पाच मिनिटांच्या गाण्यासाठी तासभर थांबायचे. रिअल ऑडिओने फाइल येत असतानाच वाजवायला सुरुवात केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिअ‍ॅटल आणि न्यूयॉर्कच्या संघांमधल्या बेसबॉल सामन्याचे समालोचन त्यांनी इंटरनेटवर थेट ऐकवले. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते त्या सामन्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, १५ ऑगस्टला. पुढे म्युझिक इंडिया ऑनलाइन, रागा अशा ठिकाणी हिंदी-मराठी गाणी ऐकायची तर रिअलचाच प्लेअर लागे. दूरदेशी गेलेल्या किती मराठी माणसांनी त्या खरखरीत आवाजात नाट्यसंगीत ऐकले असेल! आज त्या दर्जाला आपण हसू. पण मोडेमच्या त्या बारीक नळीतून ओळखू येईल असा आवाज नेणे सोपे नव्हते, आणि ते काम या कंपनीने इतरांच्या आधी केले, हे मान्य केले पाहिजे.

हे होते कसे? कानाला जे फारसे जाणवत नाही ते टाकून द्यायचे आणि उरलेले एका ठरावीक रीतीने आकड्यांत गुंडाळायचे. उलट बाजूला तीच रीत माहीत असलेला प्रोग्राम ते उलगडतो. रीत माहीत नसेल तर फाइल म्हणजे निव्वळ आकड्यांचा ढीग. मोडीशी तुलना करायचा मोह मला आवरत नाही. मोडी आज थोड्यांनाच वाचता येते, पण तिची बाराखडी कोणाच्या मालकीची नाही. पुस्तक घ्या, सहा महिने डोळे फोडा, येते. रिअलच्या फायलींची बाराखडी मात्र कंपनीचे गुपित होते. वाचणारा यंत्र-कारकून कंपनी फुकट देई, बाराखडी देत नसे. २००२ मध्ये कंपनीने आपल्या प्लेअरचा बराचसा भाग ‘हेलिक्स’ या नावाने खुला केला, पण आवाज आणि चित्र उलगडणारे गाभ्याचे भाग बंदच ठेवले. कंपनीच्या बाजूने पाहिले तर तीच तिची मिळकत होती. २०१२ च्या जानेवारीत तिने आपली १९० च्या आसपास पेटंटे आणि सोबत नव्या पिढीचे व्हिडिओ-तंत्र इंटेलला बारा कोटी डॉलरला विकल्याचे जाहीर झाले. गुपिताला किंमत होतीच.

एमपीथ्रीची गोष्ट थोडी निराळी. तिचे जन्मस्थान जर्मनीतल्या एर्लांगेनची फ्राउनहोफर संस्था. कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग हे तिच्या कर्त्यांपैकी प्रमुख; सुझान व्हेगा या गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे साथसंगतीविना म्हटलेले गाणे ते पुन्हा पुन्हा वाजवून आपली रीत तपासत. एकट्या बाईचा नुसता आवाज दाबताना दोष लगेच उघडे पडतात, हे मी आत्याच्या बाबतीत पुढे अनुभवले. या रीतीचा तपशील मानक म्हणून प्रसिद्ध होता, पण वापरावर पेटंटे होती. परवान्यांचा तो व्यवहार २०१७ च्या एप्रिलमध्ये थांबला. बाराखडी माहीत, पण लिहायला परवाना हवा, असा तो मधला प्रकार.

आणि विनअँप! माझ्या पिढीच्या कॉम्प्युटरवेड्या माणसाला त्याच्यावर दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. जस्टिन फ्रँकेल या अमेरिकी तरुणाने १९९७ मध्ये ते बाहेर काढले, तेव्हा तो विशीही ओलांडलेला नव्हता. इवलीशी काळी खिडकी, हिरवे आकडे, वरखाली नाचणारे खांब. दीडशे गाण्यांची सीडी त्यात टाकली की माझ्या खोलीत रात्री एकपर्यंत माणिक वर्मांपासून मायकल जॅक्सनपर्यंत सगळे येऊन जात. बायको म्हणे, “गाणी ऐकताय की त्या रेघा बघताय?” १९९९ मध्ये अमेरिका ऑनलाइन या बड्या कंपनीने फ्रँकेलची कंपनी कोट्यवधी डॉलरचे शेअर देऊन घेतली. काही वर्षांत तो बाहेर पडला, विनअँप मागे पडत गेले, आणि २०१३ च्या नोव्हेंबरात कंपनीने ते महिन्याभरात बंद करणार असे जाहीर केले. ऐनवेळी दुसऱ्या कंपनीने ते विकत घेतले म्हणून नाव राहिले. २०२४ च्या सप्टेंबरात त्याचा मूळ कोड लोकांसमोर ठेवला गेला, तोही बदललेली आवृत्ती कोणी वाटायची नाही अशा अटींसह. त्यावरून गदारोळ झाला आणि महिन्याभरात तो मागे घेतला गेला. कोट्यवधी लोकांचे लाडके, पैसा न घेता मिळालेले, आणि तरी त्याचे काय करायचे हे शेवटपर्यंत मालकाच्या हाती.

इथे आपली भाषा इंग्रजीपेक्षा सरस ठरते. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, ‘फ्री’. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हापासून त्यांचा निम्मा जन्म हे समजावण्यात गेला आहे की मी किमतीविषयी बोलत नाही, स्वातंत्र्याविषयी बोलतो. मूळ कारण ऐकायला किरकोळ आहे. ते एमआयटीच्या प्रयोगशाळेत होते तेव्हा तिथे झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकला की कोणाला कळत नसे. तो दोष कोडमध्ये थोडी भर घालून सुसह्य करता आला असता, पण कोड मिळेना. ज्या संशोधकाकडे तो होता त्याने गुप्ततेचा करार केलेला. अडकलेल्या कागदातून एक चळवळ उभी राहिली. १९८९ मध्ये त्यांनी ‘जनरल पब्लिक लायसन्स’ हा परवाना तयार केला : प्रोग्राम चालवा, उघडून पाहा, बदला, वाटा, मात्र वाटाल तेव्हा पुढच्यालाही हेच हक्क द्या. आपल्याकडे ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे शब्दच वेगळे, त्यामुळे आपला गोंधळ व्हायला नको. तरी माझा झाला होता. १९९९ ते २००५ या काळात माझ्या कॉम्प्युटरवर जे जे होते ते सगळे मी ‘फ्री सॉफ्टवेअर’ या एकाच पिशवीत टाकत असे; रिअलही त्यात आणि लिनक्सही.

आता तो शंकू. पॅरिसच्या दक्षिणेला शातने-मालाब्री या उपनगरात एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे आवार होते. वसतिगृहाचे नेटवर्क विद्यार्थीच चालवत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते इतके संथ झाले होते की मुलांना एकमेकांशी कॉम्प्युटरवर खेळता येईना. त्यांना नवे, वेगवान नेटवर्क हवे होते. आम्हाला खेळ खेळायचे आहेत असे सांगून कोण पैसे देणार? मग एक वेगळी कल्पना निघाली : प्रत्येक खोलीला टीव्ही आणि डिश देण्याऐवजी एकच डिश बसवायची, आणि तिचे चित्र नेटवर्कवरून सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर न्यायचे. त्यासाठी वेगवान तारा लागतील. बुइग या बांधकाम आणि टीव्ही व्यवसायातल्या उद्योगसमूहाला ती पटली, तारा आल्या. खेळही सुरू झाले असणार, त्याबद्दल मला शंका नाही. पण चित्र पाठवणारा आणि दाखवणारा प्रोग्राम खरोखर लिहावा लागला. १९९६ मध्ये सुरू झालेले हे काम १९९८ मध्ये पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतले गेले. चित्र घेणारा भाग म्हणजे ‘व्हिडिओलॅन क्लायंट’. त्याचे आद्याक्षरी नाव व्हीएलसी. शंकू कशासाठी? त्या विद्यार्थी-मंडळाच्या खोलीत रस्त्यावरून उचलून आणलेल्या शंकूंचा संग्रह होता म्हणून. कोणत्या अवस्थेत आणि रात्री किती वाजता ते आणले असतील, हे ज्याने वसतिगृह पाहिले आहे त्याला सांगायला नको.

खरी महत्त्वाची तारीख १ फेब्रुवारी २००१. विद्यार्थ्यांनी लिहिलेला कोड संस्थेच्या नावावर होता. मुलांनी बरेच दिवस संस्थेची मनधरणी केली आणि त्या दिवशी संचालकांनी तो स्टॉलमन यांच्या परवान्याखाली खुला करायला संमती दिली. मी त्याच वर्षी सांगलीत आत्याचा आवाज बंद बाराखडीत कोंडत होतो, हा योगायोग मला नंतर बोचत राहिला.

पण व्हीएलसीतही रिअलची बाराखडी आपोआप आली नाही. ती आली दुसऱ्या एका प्रकल्पातून. फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच प्रोग्रामरने २००० मध्ये ‘एफएफएमपेग’ सुरू केला, तोही टोपणनावाने. चित्र आणि आवाजाच्या मिळतील तेवढ्या सगळ्या रीती उलगडणारा हा कोश. तो सामान्य माणसाला दिसत नाही, पण असंख्य प्लेअर आणि संकेतस्थळे आतून त्याच्यावर उभी आहेत. व्हीएलसीही त्याचा आधार घेते. ज्या रीती प्रसिद्ध होत्या त्या त्यात आल्याच, पण ज्या गुपित होत्या त्याही एकेक करून आल्या. कंपनीचा तयार प्रोग्राम घ्यायचा, तो यंत्राला काय काय करायला सांगतो हे एकेका आज्ञेपर्यंत उलगडत न्यायचे, त्यावरून रीत ओळखायची आणि आपल्या शब्दांत नवा प्रोग्राम लिहायचा. आत्याच्या फायली ज्या रीतीने बांधल्या होत्या तिचे नाव ‘कुक’. ती २००५ च्या सुमारास अशी उलगडून या कोशात आली. रिअलच्या व्हिडिओच्या पुढच्या दोन रीती त्यानंतर काही वर्षांनी आल्या. कोस्त्या शिश्कोव्ह या प्रोग्रामरचे त्यात मोठे काम आहे. यातल्या कोणाला त्या फायलींत काय आहे याच्याशी देणेघेणे नव्हते. कुलूप दिसले आणि स्वस्थ बसवले नाही, अशी ही जात. मोडी वाचणाऱ्यांतही असे लोक मी पाहिले आहेत. दस्तऐवज कुणाच्या शेताचा, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते, पण एक अक्षर लागले नाही तर जेवण जात नाही.

हे चोरीचे काम नव्हे का, असे माझ्या एका वकील मित्राने विचारले. युरोपात १९९१ पासून असा निर्देश आहे की एका प्रोग्रामला दुसऱ्याशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक असेल तर, काही अटींवर, तो असा उलगडून पाहता येतो. अमेरिकेत याच गोष्टींवर जास्त कडक बंधने आहेत. डीव्हीडीचे कुलूप उघडणारा प्रोग्राम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा नॉर्वेत योन योहान्सन या शाळकरी वयाच्या मुलावर खटला झाला. २००३ मध्ये दोन्ही न्यायालयांनी त्याला निर्दोष सोडले. या प्रकल्पांची मुळे युरोपात रुजण्यामागे कायद्याचा हा फरकही आहे, असे माझे मत झाले आहे.

मुक्त म्हटले की सगळे सुरळीत, असेही नाही. २०११ च्या जानेवारीत व्हीएलसी आयफोनच्या दुकानातून काढले गेले. तक्रार करणारा व्हीएलसीच्याच कर्त्यांपैकी एक : दुकानाच्या अटी परवान्यात बसत नाहीत, हा त्याचा मुद्दा. तो बरोबर होता असे मला वाटते. ज्यांना आयफोनवर ते हवे होते त्यांना अर्थातच तसे वाटले नाही. मग बहुतेक कर्त्यांना शोधून, एकेकाची संमती घेऊन गाभ्याचा परवाना सैल केला गेला, आणि २०१३ मध्ये ते परत आले. हा सगळा खटाटोप ज्यांनी रेटला ते जाँ-बाप्तिस्त कँफ हे त्याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी. जाहिराती घालण्यासाठी देऊ केलेल्या मोठमोठ्या रकमा आपण नाकारल्या, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. २०२५ च्या जानेवारीत व्हीएलसी सहाशे कोटी वेळा उतरवले गेल्याचा आकडा त्यांनी जाहीर केला.

भारतात तर २०२२ मध्ये वेगळेच घडले. फेब्रुवारीच्या सुमारास व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ देशातल्या अनेक जोडण्यांवरून उघडेनासे झाले. कारण जाहीर झाले नाही. ऑक्टोबरमध्ये त्या संस्थेने इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने सरकारच्या संबंधित खात्यांना कायदेशीर नोटीस दिली, आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. त्या आठ-नऊ महिन्यांतही प्रोग्राम मिळणे थांबले नाही. प्रती सगळीकडे होत्या आणि त्या ठेवायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

आमच्या घरी त्या सहा फायलींचे पुढे काय झाले ते सांगतो. एफएफएमपेगनेच मी त्या एका मुक्त स्वरूपात उतरवून घेतल्या, ज्यात आहे त्यातले काही गळत नाही. मग ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये विजेची गुणगुण थोडी कमी केली. हाही मुक्तच, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जन्मलेला, २००० मध्ये बाहेर आलेला. जात्याची घरघर काढायचा मोह झाला होता. एका तुकड्यावर करून पाहिली तर आत्याचा आवाज उघडावाघडा वाटू लागला, म्हणून ठेवली. प्रती तीन घरी आहेत, त्यांतली एक नदीपासून लांब, पुण्यात.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. १६ किलोबिटांत मावण्यासाठी वरच्या पट्टीतले जे टाकून दिले गेले त्यात ‘स’, ‘श’, ‘छ’ यांच्या कडा गेल्या. चौथ्या फायलीत, तिसऱ्या मिनिटानंतर एक ओवी आहे. दुपार झाली की कोणी तरी अंगणातून निघून जाते. मला तिथे ‘छाया’ ऐकू येते. मस्कतहून परतलेला आतेभाऊ ठामपणे म्हणतो, ‘सया’. माहेरी जमलेल्या सया दुपारी आपापल्या घरी गेल्या, असा अर्थ. ओवी दोन्हींनी लागते. मी कॅसेटवर ती नीट ऐकली असणार, फाइल करताना तर नक्कीच, पण तेव्हा माझे लक्ष फ्लॉपीत किती मावते इकडे होते. जात्यावर आत्याच्या समोर बसलेली शेजारची सून आता सासू झाली आहे. गेल्या मे महिन्यात तिला मोबाइलवर तो तुकडा ऐकवला. तिने डोळे मिटून दोनदा ऐकला आणि म्हणाली, “मी म्हणताना सयाच म्हणते. पण वन्सं काय म्हणत व्हत्या, ते मला काय आठवत नाय बघा.”